तोंडावरचा कागद

आमच्या हिरवळीवर ‘घर विकणे आहे’ ही पाटी पहिल्यांदा रोवली गेली ती सप्टेंबरात, घरच्या मैदानावर ओळीने दुसरा सामना हरलो त्याच्या दुसऱ्या दिवशी. घर आम्हाला विकायचं नव्हतं. कॉलेजच्या फुटबॉल कोचला ‘आता चालते व्हा’ असं सांगायची आमच्याकडची ही रीत आहे. तोंडावर कुणी काही बोलत नाही. चर्चमध्ये भेटतात, हात हातात घेतात, तुमच्यासाठी प्रार्थना करतोय म्हणतात आणि अंधारात येऊन पाटी रोवून जातात. मी सकाळी गाऊनवरच बाहेर जायची, पाटी उपटायची आणि गॅरेजमध्ये नेऊन टाकायची. ऑक्टोबर संपेपर्यंत गॅरेजात माझी गाडी मावेना.

मी मार्लीस. हॉलिसशी लग्न केलं तेव्हा तो शाळेतल्या पोरांना शिकवत होता आणि बसही तोच चालवायचा. मग एका कॉलेजात असिस्टंट, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. टेक्सास, आयोवा, परत टेक्सास. कोचच्या बायका झाडं लावत नाहीत, कुंड्या ठेवतात. कारण कुंडी ट्रकमध्ये चढवता येते. शेवटी कॅन्ससमधल्या हार्लन क्रीकच्या कॉलेजने त्याला हेड कोच केलं, तेव्हा मी स्वयंपाकघरातच बसून रडले होते. तो दिवस बघायला हॉलिसचे सगळे केस पांढरे व्हावे लागले.

या सगळ्या गावांत आमच्या मागेपुढे एकच कुटुंब होतं, वेंडेल आणि ग्लेनिस. वेंडेल पुढच्या फळीतल्या दांडग्या पोरांना शिकवायचा. बोलायला कमी, खायला जास्त. हॉलिस जिथे गेला तिथे तो गेला, आणि हॉलिसला काढलं की त्यालाही काढलं जायचं, कारण आमच्या धंद्यात हेड कोच गेला की त्याची सगळी माणसं जातात. हार्लन क्रीकला आल्यावर मात्र त्या दोघांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं घर घेतलं. ग्लेनिसने मागच्या अंगणात सफरचंदाची रोपं लावली. मी तिला म्हटलं, अगं, ही फळायला वर्षं लागतात. ती म्हणाली, म्हणूनच लावली.

पहिली काही वर्षं बरी गेली. यंदा मात्र काय झालं कुणास ठाऊक, समोरच्या संघाला आमचं सगळं आधीच कळायला लागलं. आमच्याकडचा फुटबॉल पायाने कमी, हाताने जास्त खेळतात; चेंडू हातात आल्यावर मुख्य प्रश्न एकच असतो, घेऊन धावायचं की लांब फेकायचा. समोरच्याला ते आधी कळलं तर मग काही उरतच नाही. आमची पोरं धावायला निघाली की समोर भिंत उभी, आणि फेकायचं ठरवलं की समोरचे आधीच मागे पळालेले. एकदा होतं, दोनदा होतं. पण दर शनिवारी तेच व्हायला लागलं तेव्हा हॉलिस म्हणाला की कुणीतरी फितूर झालंय.

दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, आणि हॉलिसचं तोंड खरंच पोळलं होतं. टेक्सासला असताना समोरच्या संघाने दुर्बीण लावून एक माणूस बसवला होता. ओठांच्या हालचालींवरून तो शब्द ओळखायचा. तो मोसम हातचा गेला आणि सगळ्यांच्या नोकऱ्या गेल्या. तेव्हापासून हॉलिस मैदानाच्या कडेला उभा राहून खेळी सांगताना खेळींचा तो मोठा कागद, हॉटेलातल्या मेनूकार्डाएवढा, तोंडासमोर धरायचा. आता सगळेच कोच धरतात, पण तो आधीपासून धरायचा आणि त्याचा त्याला अभिमान होता.

यंदा नुसत्या कागदावर भागेना. सरावाच्या मैदानाला चारी बाजूंनी ताडपत्री लावली. कचऱ्याच्या डब्यातले कागद जाळायला सुरुवात झाली. शेजारच्या वसतिगृहाच्या छपरावर एक माणूस दोन दिवस दिसला, तर हॉलिस स्वतः शिडी चढून वर गेला. तो छप्परवाला होता, कौलं बदलत होता आणि आमच्याच चर्चचा होता. त्याने खाली उतरून सगळ्या गावाला सांगितलं. त्या आठवड्यात आमच्या हिरवळीवर तीन पाट्या आल्या.

मग कॉलेजच्या खेळ विभागाचे प्रमुख स्ट्रॉबेल यांनी पेपरात सांगितलं की कोचवर आमचा पूर्ण विश्वास आहे. ‘पूर्ण विश्वास’ आहे म्हटलं की आम्ही कोचच्या बायका खोकी शोधायला लागतो. ज्याला काढायचं नसतं त्याच्याबद्दल असं कुणी बोलत नाही. वर्षाचा शेवटचा सामना नदीपलीकडच्या कॉलेजशी असतो, आणि तो हरलेला कोच इथे दुसऱ्या वर्षी कुणी पाहिलेला नाही.

हॉलिस घरातही हळू आवाजात बोलायला लागला. फोन वाजला की आधी माझ्याकडे बघायचा. आणि मग एका मंगळवारी त्याला संशयासाठी माणूस सापडला.

कॉलेजला देणग्या देणाऱ्यांपैकी एकाने फोन करून सांगितलं की वेंडेल महामार्गावरच्या कॅफेत ॲपल पाय खात बसला होता. त्याच्या समोर बसला होता तो सप्टेंबरात आम्हाला हरवलेल्या संघाचा कुणी असिस्टंट, नाव त्याला माहीत नव्हतं. हॉलिसने संध्याकाळी वेंडेलला सहज विचारल्यासारखं विचारलं, आज दुपारी कुठे होतास. वेंडेल म्हणाला, दात दाखवायला गेलो होतो.

“माझ्याशी खोटं बोलला,” हॉलिस मला म्हणाला. “इतक्या वर्षांत पहिल्यांदा.”

मी म्हटलं, दात दाखवून मग ॲपल पाय खाल्ला असेल. पण ते मलाही खटकलं होतं. संशयाचं असंच असतं, एकाच्या डोक्यातून दुसऱ्याच्या डोक्यात जायला त्याला वेळ लागत नाही.

दर गुरुवारी असिस्टंट आणि त्यांच्या बायका आमच्याकडे जेवायला असतात. चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे गोड रोल; दुसरं काही केलं तर शनिवारी हरतो असं मानतात. त्या गुरुवारी वेंडेल ताट घेऊन स्वयंपाकघरात आला. हॉलिस तिथेच होता, मी रोल कापत होते.

“हॉलिस, एक सांगू?” वेंडेल म्हणाला. “परवाच्या सामन्यात तो कागद जरा खाली ठेवून बघ.”

“का?”

“बघ तर. नुसतं तोंड उघडं ठेवून बोल. मला असं वाटतंय की—”

“चिली गार होतेय, वेंडेल.”

 वेंडेल माझ्याकडे बघून कसंनुसं हसला, एक रोल उचलला आणि बाहेर गेला. हॉलिस दाराकडे बघत होता. त्याची ती नजर मी टेक्सासमध्ये पाहिली होती आणि मला ती अजिबात आवडत नाही.

पाहुणे गेल्यावर तो म्हणाला, हा मला तोंड उघडं ठेवायला सांगतोय. कुणासाठी? मी म्हटलं, विचारायचंस की त्याला. तर म्हणाला, चोराला विचारून चोरी कळते का.

मग त्याने सापळा लावला. शुक्रवारी फक्त वेंडेलला बाजूला घेऊन सांगितलं की दुसऱ्या अर्ध्यात पहिलीच खेळी लांब फेकीची आहे, कुणाला बोलू नकोस. बाकी सगळ्यांना सांगितलं की धावायचंय. शनिवारी नाश्त्याला हे सगळं त्याने मला सांगितलं. त्याचा चेहरा बऱ्याच दिवसांनी खुलला होता. मी विचारलं, आणि दुसऱ्याच कुणामुळे कळत असेल तर? तो म्हणाला, दुसऱ्या कुणाला माहीतच नाही, फक्त मला आणि त्याला.

दुसरा अर्धा सुरू झाला. हॉलिसने कागद तोंडाला लावून फेकीची खेळी सांगितली, आणि समोरचे मागे पळालेच. चेंडू त्यांच्याच पोराच्या हातात जाऊन पडला. आम्ही सामना हरलो, पण हॉलिस घरी आला तो जिंकल्यासारखा.

रविवारी सकाळी त्याने वेंडेलला काढलं. कॉलेजने पेपरात दिलं की विचारांत फरक पडल्यामुळे दोघे वेगळे होत आहेत. पण हार्लन क्रीक केवढंसं गाव, दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं की वेंडेल फितूर होता. मी हॉलिसला विचारलं की तो काय म्हणाला. काहीच नाही, हॉलिस म्हणाला, भांडला नाही, शपथा घेतल्या नाहीत, आपला कॉफीचा मग आणि शिटी खोक्यात टाकली.

“दारात गेल्यावर मात्र परत तेच. ‘तेवढा कागद बघ, हॉलिस.’ जाता जाताही सोडेना.”

आमच्यात कुणाला काढलं की बाकीच्या बायका ओव्हनमध्ये भाजलेलं कॅसरोल करून नेतात, खोकी भरायला बसतात. कुठल्याही गावात, कितीही भांडण असो, हे चुकत नाही. ग्लेनिसकडे कुणी गेलं नाही. मीही गेले नाही. भांडं काढलं, नूडल्स उकडायला ठेवल्या, तेवढ्यात हॉलिस आत आला आणि नुसता बघत उभा राहिला. मी गॅस बंद केला. मला राग आला होता, पण नक्की कुणाचा ते ठरवता येत नव्हतं.

पुढचा शनिवार बाहेरगावी होता. वेंडेल नसताना आम्ही परत हरलो, आणि अगदी पहिल्यासारखेच. धावलो की भिंत, फेकला की समोरचे आधीच मागे. मला वाटलं आता तरी याचे डोळे उघडतील. हॉलिस घरी आला, टोपी काढली नाही, टेबलाशी बसला आणि मला म्हणाला, “तू ग्लेनिसशी बोलतेस का?”

मी त्याच्यासाठी सात गावांत खोकी भरली आहेत. माझ्या आईच्या अंत्यविधीच्या दिवशी सामना होता आणि मी त्याला म्हटलं होतं, तू जा.  मी उठून दुसऱ्या खोलीत गेले.

सोमवारी कपड्यांच्या घड्या घालायला बसले. मैदानावर जाणं मी केव्हाच सोडलं होतं. मागच्या रांगेतले लोक माझ्या नवऱ्याला काय काय म्हणतात ते ऐकवत नाही. सामने घरीच टीव्हीवर बघायचे, तेही आवाज बंद करून. शनिवारचा सामना नीट पाहिला नव्हता, म्हणून रेकॉर्डिंग लावलं. टीव्हीवाल्यांना यंदा हॉलिसचा चेहरा दाखवायची फार हौस होती. ज्याची उचलबांगडी होणार त्याचा चेहरा लोकांना बघायचा असतो. दर खेळीच्या आधी हॉलिस, मग खेळी, मग पुन्हा हॉलिस.

त्याने कागद तोंडाला लावला, आणि आमच्या पोराने चेंडू फेकला. पुढच्या खेळीला तो शेजारच्या नव्या असिस्टंटकडे वळून काहीतरी बोलला, कागद मांडीशी लोंबत होता, आणि आमची पोरं धावली. परत कागद वर, परत फेक. मी हातातला टॉवेल खाली ठेवला.

मग मी खेळी व्हायच्या आधीच मोठ्याने म्हणायला लागले. फेकणार. धावणार. धावणार. फेकणार. रिकाम्या घरात एकटीच. एकदाही चुकले नाही. फेकायचं असलं की हॉलिस स्टेडियमच्या वरच्या मजल्यावर बसलेल्या असिस्टंटांशी हेडफोनवरून बोलायचा, आणि ते ओठ कुणी वाचू नयेत म्हणून कागद. धावायचं असलं की ते काम पुढच्या फळीचं, म्हणून तो शेजारच्या माणसाला तोंडीच सांगायचा, आणि त्यात लपवायचं काय, म्हणून कागद खाली. वर्षानुवर्षं तो शेजारचा माणूस वेंडेल होता. हे सगळं त्याच्या डोळ्यांदेखत होत होतं.

हॉलिस आठवडाभर सामन्यांच्या फिती बघतो, डोळे लाल होईपर्यंत बघतो. पण कोच लोक बघतात त्या फिती उंचावरून घेतलेल्या असतात, त्यात बावीस पोरं दिसतात आणि मैदान दिसतं. मैदानाच्या कडेला उभा असलेला कोच त्यात कधीच नसतो. ताडपत्र्या लावल्या, कागद जाळले, छप्परवाल्याला खाली उतरवलं, मित्राला घालवलं, आणि काखेत कळसा अन् गावाला वळसा.

मी त्याला फोन करून घरी बोलावलं. काय झालं म्हणाला, मी म्हटलं ये आणि बस. रेकॉर्डिंग लावलं आणि प्रत्येक खेळीच्या आधी त्याला सांगत गेले. चार खेळींनंतर तो पुढे सरकून बसला. आणखी काही झाल्यावर त्याने रिमोट घेतला आणि बंद केलं.

 मला वाटलं आता रडेल. मीही रडायच्या बेतात होते.

“म्हणजे वेंडेलला माहीत होतं,” तो म्हणाला. “मग सरळ का नाही सांगितलं? आणि त्याला सांगणारा, कॅफेतला तो माणूस, होता तरी कोण?”

“हॉलिस, फोन कर त्याला.”

“शनिवार होऊ दे.”

“आत्ता कर.”

“आत्ता केला तर स्ट्रॉबेलला कळेल की मी चुकीचा माणूस काढला. त्यांना निमित्तच हवंय. शनिवार होऊ दे, मार्लीस, मग मी स्वतः जाईन. पाया पडेन त्याच्या.”

तो कामावर परत गेला आणि मी ग्लेनिसला फोन लावला. वाटलं होतं उचलणार नाही, पण तिने उचलला. मी तिला कागदाचं सांगितलं. ती म्हणाली, ठाऊक आहे. कॅफेतला तो असिस्टंट म्हणजे टकर, वेंडेलचा जुना विद्यार्थी, त्याच्या लग्नात आम्हीही नाचलो होतो. सामना होऊन गेलेला, त्याला काही नुकसान नव्हतं, पण आपल्या संघाचं गुपित बाहेर सांगितलं हे कळलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. म्हणून त्याने फार बोलणं टाळलं. एवढंच म्हणाला, तुमच्या कोचना सांगा, कागद खाली ठेवा. आणि मी भेटलो होतो हे कुणाला सांगू नका. वेंडेलने शब्द दिला होता. दाताचं खोटं त्या शब्दापायी होतं.

मी विचारलं, येऊ का गं? ती म्हणाली, नको, लोक बघतात, उद्या तुझं नाव घेतील.

रात्री हॉलिसने जेवताना पुन्हा विचारलं की कॅफेतला तो माणूस कोण असेल. मी म्हटलं, मला काय माहीत. खोटं बोलले. टकरचं नाव मी त्याला सांगितलं नाही, आजही सांगितलेलं नाही. इतके महिने तो आमच्या घरात फितुरी शोधत होता, आणि आता ती खरंच आली होती.

शनिवारी हॉलिसने उलटं केलं. धावायचं असलं की कागद तोंडाला, फेकायचं असलं की कागद खाली, आणि तोंडाने काहीतरी बरळल्यासारखं करायचं. नदीपलीकडचे लोक वर्षभराचा अभ्यास करून आले होते आणि तोच त्यांना नडला. आम्ही मोठ्या फरकाने जिंकलो. पोरांनी हॉलिसला खांद्यावर घेतलं. पेपरांनी लिहिलं की घरभेदी गेला आणि संघ सुधारला. स्ट्रॉबेल फुलं घेऊन घरी आले, करार वाढवला. आमच्या हिरवळीवर त्यानंतर एकही पाटी आली नाही. शेजारच्याने तर माझ्या पायऱ्यांवरचा बर्फही काढला.

‘पाया पडेन’ म्हणालेल्या हॉलिसने रविवारी वेंडेलला फोन केला. मी शेजारी उभी होते. हॉलिस म्हणाला, वेंडेल, मी चुकलो रे. 

“अभिनंदन, कोच,” वेंडेल म्हणाला आणि फोन ठेवला.

सगळं जग हॉलिसला कोच म्हणतं. वेंडेलने उभ्या आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. हॉलिसने फोन जागेवर ठेवला. मग म्हणाला, येईल, थोडा राग शांत होऊ दे. तेव्हा मला त्याची दया आली आणि त्याच वेळी त्याच्या शेजारी उभं राहवेना.

डिसेंबरात मी कॅसरोल केलं. नूडल्स, चिकन, वरून चीज. लोकांनी बघितलं तर बघू दे असं ठरवून भांडं टॉवेलात गुंडाळलं आणि दिवसाढवळ्या ग्लेनिसकडे गेले.

त्यांच्या हिरवळीवर पाटी होती, ‘घर विकणे आहे’. माझं डोकंच फिरलं. माणसाची नोकरी गेली, नाव गेलं, आणि अजून यांचं पोट भरत नाही. मी भांडं पायरीवर ठेवलं, सरळ पाटीपाशी गेले आणि दोन्ही हातांनी ती गदागदा हलवून उपटून काढली. सप्टेंबरापासूनची सवय होती, गोठलेल्या जमिनीतूनही निघाली.

दार उघडलं. ग्लेनिस अंगावर शाल घेऊन उभी होती.

“अगं, ती राहू दे,” ती म्हणाली. “ती खरी आहे.”

मी पाटी उलटी करून बघितली. खाली घरांच्या दलालाचं नाव होतं, फोन नंबर होता. वेंडेलला नेब्रास्कात कुठल्याशा शाळेत काम मिळालं होतं, पुढच्या महिन्यापासून, आणि बसही त्यालाच चालवायची होती.

मी पाटी परत त्याच भोकात घालायला लागले. ती आडवी पडायची, मी उभी करायची. हलवून हलवून भोक सैल झालं होतं आणि खाली जमीन गोठून दगड, खुंटा आत शिरेना. मला रडू आवरेना.  ग्लेनिस आत गेली आणि हातोडा घेऊन आली. मी पाटी धरली, आणि तिने ठोकली.